शेवटची पानं झेंडूला गेली

अक्का, कावळा आला नाही.

तू जिथे असशील तिथून तुला दिसलंच असेल, तरी सांगते. काल तुझा दहावा झाला. गोदावरीच्या काठावर पिंड मांडले, वर तुला आवडायचं ते सगळं ठेवलं, वांग्याचं भरीत, शेव, कपभर चहासुद्धा, आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर ओळीनं बसून माना वाकड्या करून बघत होते. खाली एकही उतरेना. ऊन चढलं, भातावर माशा बसल्या, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. मग बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, की हिच्या मनात काहीतरी राहिलंय.

काय राहिलंय ते तिथल्या सगळ्या माणसांत मला एकटीला ठाऊक होतं. हात जोडून मी मनातल्या मनात तुला बोल लावत होते. हो, दहाव्याच्या दिवशी. रडायचं सोडून.

मी भित्री. हे नाव मला तूच पाडलंस. लग्न होऊन तुझी धाकटी जाऊ म्हणून मी या घरात आले तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. वडील मनमाडला रेल्वेत, आमचं घर क्वार्टरमधलं, शेत काय ते गाडीच्या खिडकीतून बघितलेलं. आणि इथे नाशिकच्या कडेला झेंडूचे, गुलाबाचे वाफे, भल्या पहाटे पुरुषमाणसांनी टेम्पो भरून फुलबाजारात जायचं, दुपारी बायकांनी शेडमध्ये बसून हार ओवायचे. मला साधी सुई धरता येत नव्हती. सासूबाईंची चप्पल वाजली की मी हातातलं टाकून उभी राहायचे. दादा, म्हणजे तुझे मालक आणि माझे थोरले दीर, अंगणात नुसते खोकले तरी मी पदर कपाळापर्यंत ओढायचे. तू हसायचीस. "मनमाडवाली, एवढ्या गाड्यांचा आवाज ऐकत वाढली ना तू? मग खोकल्याला काय घाबरती?"

मला वाटायचं, हिला कशाचंच भय नाही. तुझ्या आवाजाला रस्त्यावरचा भाजीवाला वचकून असायचा.

ती पहिली दुपार मला अजून दिसते. शेडमध्ये आपण दोघीच होतो. तू इकडेतिकडे बघितलंस, झेंडूच्या पाटीत कोपरापर्यंत हात घातलास आणि तळातून एक पुस्तक काढलंस. वर चित्र काय, तर गोल जिना, जिन्यावर मोकळ्या केसांची एक बाई आणि खाली सुटातला पाठमोरा माणूस.

"तुला चांगलं वाचता येतं ना गं?" तू विचारलंस. "माझं चौथीपर्यंतच झालंय. एक पान वाचायला अर्धी दुपार लागती. तोवर ही बिचारी जिन्यातच उभी राहती."

"कुणी बघितलं तर?" मी म्हणाले.

"बघितलं तर सांगू, मनमाडवालीनं आणलं म्हणून."

माझा चेहरा बघून तुला एवढं हसू आलं की हातातला हार सुटला. आणि मी वाचायला लागले. हळू आवाजात, कान दाराकडे लावून. त्या दिवसापासून चारचौघांत तू मला 'तुम्ही' होतीस आणि शेडमध्ये 'तू' झालीस.

काय त्या कादंबऱ्या, अक्का! कुणाला नाव सांगायची सोय नाही. त्या घरांत कुणी भांडी घासत नाही की भाजी निवडत नाही. आजारी पडले तर महाबळेश्वरला जाऊन पडतात. मालकीणबाई हिऱ्यांच्या कुड्या घालून नाश्त्याला बसतात, आणि तू दर वेळी मला थांबवायचीस, "पण खाल्लं काय त्यांनी?" ते कधीच लिहिलेलं नसायचं. कारखाने ढीगभर, वारस एकच, आणि तोही अपघातात स्मृती घालवून बसलेला. त्याला जिच्या हातची बासुंदी खाऊन सगळं आठवायचं ती नेमकी गरिबाघरची निघायची. मला कळत होतं की हे सगळं खोटं आहे. कॉलेजातल्या आमच्या मराठीच्या बाईंनी हे पुस्तक माझ्या हातात बघितलं असतं तर त्यांनी तोंड फिरवलं असतं. लाज वाटायची आणि सोडवायचंही नाही. सकाळी धुणं धुताना माझं चित्त त्या दिवाणखान्यात असायचं, झुंबराखाली.

पुस्तकं आणायचं काम तुझं. रविवार कारंज्याजवळच्या एका गल्लीत ते वाचनालय होतं. देवळात हार द्यायला जाते असं सांगून तू निघायचीस, आणि एक हार खरंच देवाला जायचा, वाचनालयवाल्या काकांच्या गणपतीला. ते तुला म्हणायचे, "वहिनी, तुमचं पुस्तक परत आलं की दुकानाला दसऱ्याचा वास येतो." वास येणारच. पुस्तक लपवायचं ते ओल्या बारदानाखाली, झेंडूच्या पाटीत. पानं फुगायची, कडा पिवळ्या व्हायच्या. काकांना सगळं कळलं होतं, पण त्यांनी कधी घरी सांगितलं नाही. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

आणि भांडणं! त्या प्रत्येक कादंबरीत एक सून असायची. घरात सगळ्यांच्या मागे उभी राहणारी. घराण्याचं एक खरं तिला एकटीला ठाऊक असायचं आणि ते तिच्या गळ्यात अडकलेलं असायचं. तू सुई हवेत धरून पुस्तकावर ओरडायचीस, "बोल ना गं भवाने! काय पदर चावू राहिली?"

मी म्हणायचे, "कशी बोलेल? बोलली तर घर फुटेल. तिला कुठे जागा आहे दुसरी?"

"फुटू दे. असल्या घराला काय चाटायचंय?"

"तुला बोलायला काय जातं?"

"तू भित्री आहेस, म्हणून तुला ती बरोबर वाटती."

हे भांडण आपण वर्षानुवर्षं भांडलो, अक्का. प्रत्येक पुस्तकागणिक नव्यानं.

आणि तो दसरा. आदल्या दुपारी झेंडूचे ढीग शेडच्या पत्र्याला टेकले होते. बायका जेवायला गेल्या तेवढ्यात आपण शेवटच्या प्रकरणाला आलो होतो. थोरल्या मुलाला चोर ठरवून घराबाहेर काढलेलं. चोरी खरी केली होती मामानं, आणि ते धाकट्या सुनेनं डोळ्यांनी बघितलेलं. सासरे अंथरुणाला खिळलेले, सगळं खानदान त्यांच्या खोलीत जमलेलं, सून दाराशी उभी. तिचे ओठ उघडले, असं मी वाचलं आणि बाहेर चप्पल वाजली. मी पुस्तक हाताशी असलेल्या पाटीत खुपसलं, वरून ओंजळभर फुलं टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गर्दीच्या घाईत ती पाटी टेम्पोत गेली.

बाजारात दादांनी ती व्यापाऱ्यापुढे उपडी केली, आणि फुलांच्या ढिगावर जिन्यातली बाई पडली. सगळा बाजार हसला म्हणे. "दादा, झेंडूबरोबर वहिनी फुकट का?" असं कुणीतरी म्हणालं. दादा घरी आले आणि ते पुस्तक त्यांनी अंगणात सासूबाईंच्या पायाशी टाकलं. "कोणाचं हे?" एवढंच विचारलं. ओरडलेसुद्धा नाहीत. मी दाराच्या आड होते आणि मला वाटलं, आता मला मनमाडच्या गाडीत बसवतात.

"रद्दीतलं आहे," तू म्हणालीस. "फुलांच्या पुड्या बांधायला आणलंय."

सासूबाईंनी पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि मागच्या बाजूनं पानांचा एक गठ्ठा टरकावला. "मग बांध," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला आपलं दसऱ्याचं दुकान लागलं होतं. वणीहून देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या गाड्या थांबत होत्या. मला चुलीपाशी पाठवलं होतं. तू बसलीस आणि शेवटच्या प्रकरणाच्या पुड्या बांधल्यास. प्रत्येक पान हातात आलं की वाचायचा प्रयत्न करत होतीस, हे नंतर तू मला सांगितलंस. पण चौथी शिकलेली बाई, ओळ लागेपर्यंत गिऱ्हाईक हात पुढे करायचं. सबंध प्रकरणातले तुझ्या हाती दोनच शब्द लागले, 'तिचा आवाज'. पुढे झेंडू.

"तिचा आवाज! म्हणजे बोलली ना ती!" तू म्हणालीस.

"'तिचा आवाज फुटेना', असंही असेल," मी म्हणाले.

काकांकडे दुसरी प्रत नव्हती. उंदरांनी खाल्लं असं तू त्यांना सांगितलंस, आणि त्यांनी मान डोलावली. ती सून बोलली की नाही हे आपल्याला कधी कळलं नाही. पुढे कुठल्याही कारणानं आपलं वाजलं की तू म्हणायचीस, "बोलली होती ती," आणि मी म्हणायचे, "नव्हती." पोरांना वाटायचं, आई आणि काकू शेजारणीबद्दल बोलतायत.

मग शहर आपल्या वाफ्यांपर्यंत आलं. आधी रस्त्याकडचा तुकडा गेला, मग विहिरीकडचा. सासूबाई तेवढ्यात गेल्या, त्यांना बंगला बघायला मिळाला नाही. बंगल्यात जिना आला, आणि तो गोल होता. आठवतंय? वास्तुशांतीच्या दिवशी माणसं पांगल्यावर तू नवी पैठणी नेसून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिलीस, मला खाली उभं केलंस आणि म्हणालीस, "या खानदानाची इज्जत आता तुझ्या हातात आहे, सूनबाई!" आणि जिन्यावरच बसून पोट धरून हसलीस. मी पण हसले. पण त्या रात्री झोपताना मला धडकी भरली होती, ती तुला मी कधी सांगितली नाही. आपण वाचायचो ते आता आपल्याच घरात शिरलं होतं. जेवताना भाऊ एकमेकांच्या ताटात न बघता बोलायला लागले होते. कपाटांना कुलपं लागली होती. झुंबर मात्र बसवलं नव्हतं. तेवढं तू होऊ दिलं नाहीस, जाळी कोण काढणार म्हणून.

टीव्हीवर तसलीच घरं रोज संध्याकाळी दिसायला लागली तेव्हा मी तुला म्हणाले, आता पुस्तकं कशाला? तू म्हणालीस, "टीव्हीला मधी थांबवून भांडता येत नाय." वाचनालय बंद पडेपर्यंत तू जात राहिलीस. फुलं आता विकत घ्यावी लागत होती, पण काकांचा हार चुकवला नाहीस.

आणि वैशाली. तुझी वैशी. लासलगावला दिली तेव्हा घर बरं वाटलं होतं. जावई कांद्याच्या बाजारात होता, पोरगा दिसायला नीट. सणाला आली की हसून बोलायची, आणि परत जायच्या दिवशी सकाळपासून तिचा चेहरा उतरायचा. तुला सगळं दिसत होतं, मलाही. दोन मुली झाल्यावर तर तिला तिथे कुणी नीट विचारीना. आपल्या घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. मुलीला दिलं, संपलं.

गेल्या वर्षी उरलेल्या मळ्याचा व्यवहार ठरायला लागला. मुलीची सही लागते म्हणून हक्कसोडीचे कागद तयार झाले. तुझा संदीप म्हणाला, "ताईला एक भारी साडी घेऊ, जेवायला बोलवू, सही होऊन जाईल." सगळीकडे असंच होतं. माझ्या माहेरी वडिलांच्या फंडाच्या पैशांसाठी मीही केली होती, त्या साडीची बॉर्डर अजून चांगली आहे. दादा काहीच बोलले नाहीत, म्हणजे होकारच. आणि त्याच सुमाराला तुझ्या पोटात गाठ निघाली.

दवाखान्यातल्या त्या दुपारीच सगळं झालं. पडद्याच्या पलीकडे दादा आणि संदीप बसले होते. तू मला म्हणालीस, "पुस्तक काढ." मी पिशवीतून काढलं. रद्दीवाल्याकडून शोधून आणलं होतं तुझ्यासाठी, जुनंच, जिना असलेलं. "मोठ्यानं वाच," तू म्हणालीस. मला लाज वाटली, पलीकडे दादा ऐकत होते. तू माझं मनगट धरलंस. मी वाचायला लागले, की दिवाणखान्यात मंद संगीत चालू होतं, आणि त्या वाचनाच्या खालून तू म्हणालीस, "वैशीला सही करू देऊ नको."

मी थांबले. "वाच गं, थांबू नको."

मी वाचलं, पाहुणे एकेक करून गाडीतून उतरत होते. तू पुढे म्हणालीस, "तिच्या वाट्याचं तिला मिळू दे. पोरीला स्वतःचं एक दार पाहिजे. तिकडून निघावं वाटलं तर कुठं जाईल? तू सांग ह्यांना."

मी वाचलं, माँसाहेबांनी मोत्यांचा सर सारखा केला. "सांगशील ना?"

मी वाचतच राहिले, अक्का. काय वाचलं ते आठवत नाही. तुला हो म्हणाले की नाही तेही आठवत नाही. तेवढ्यात पडदा सरकला, दादा आत आले, आणि तू डोळे मिटून घेतलेस. ते पुस्तक अर्धंच राहिलं.

आता तू समजून घे, काल त्या घाटावर माझी काय अवस्था झाली असेल. कावळा शिवेना तसं एकेक जण पुढे येऊन तुला शब्द द्यायला लागला. संदीप म्हणाला, "आई, दादांना मी जपेन." भिंतीवरच्या कावळ्यांनी पंख खाजवले. हे पुढे झाले, माझे मालक, म्हणाले, "वहिनी, आम्ही दोघं भाऊ एक राहू." कावळे बसलेले. तुझ्या बहिणीनं नातसुनेच्या डोहाळजेवणाचं काहीतरी सांगितलं. वैशाली मागे उभी होती, दोन्ही मुलींना दोन हातांशी धरून. तिला कुणी पुढे हो म्हणालं नाही.

मग मी गेले. तुला खोटं सांगत नाही, मी पळवाट काढली. हात जोडून, कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "अक्का, ती अर्धी राहिलेली कादंबरी मी तुला पूर्ण वाचून दाखवीन." आणि एक कावळा उठला! खाली झेपावला! माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं सुटले, हेच राहिलं होतं हिचं. कावळा आपल्या पिंडावरून गेला आणि शेजारच्या लोकांच्या पिंडावर जाऊन बसला. त्यांच्यातल्या बायका रडायला लागल्या.

गुरुजी म्हणाले, "उशीर झालाय. दर्भाचा कावळा करू." त्यांनी दर्भ हातात घेतला. मला एकदम कळलं, की हा दर्भ एकदा पिंडाला लागला की संपलं. सगळे म्हणतील, झालं, तिचं काही राहिलं नव्हतं. चौदाव्यानंतर वैशालीला साडी नेसवतील.

"थांबा," मी म्हणाले.

आवाज माझा नव्हताच. शिट्टीसारखं काहीतरी निघालं. सगळे वळले. मी दादांकडे बघितलं नाही, पिंडाकडे बघून बोलले. "अक्कांनी मला दवाखान्यात सांगितलंय. वैशालीची सही घ्यायची नाही. तिच्या वाट्याचं तिला द्यायचं."

आपल्या कादंबरीत असतं तर कावळा तेव्हा खाली आला असता, अक्का. वीज चमकली असती, माँसाहेब कोसळल्या असत्या. इथे काहीच झालं नाही. संदीप म्हणाला, "काकू, ही जागा आहे का हे बोलायची?" ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मी त्यांच्या घरची नाहीच. दादा हलले नाहीत. गुरुजींनी दोन क्षण वाट पाहिली आणि दर्भ पिंडाला लावला. येताना गाडीत माझ्या शेजारी फक्त वैशाली बसली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

तेव्हापासून मी घाबरलेलीच आहे. हे माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ताट घेतात, खाली ठेवतात. मनमाडला आता माझं कुणी नाही, आई-वडील गेले, क्वार्टर कधीच दुसऱ्याला मिळालं. मला कुणी जा म्हणालं तर मी कुठे जाणार, हे मला ठाऊक नाही. आणि तुझा रागही आला आहे. आयुष्यभर मला भित्री म्हणालीस. पुस्तकातल्या सुनेवर ओरडलीस. मग स्वतःच्या नवऱ्याला स्वतःच्या लेकीचं एक वाक्य सांगायला तुला काय झालं होतं? इतकी वर्षं त्यांच्या शेजारी जेवलीस. आणि जाता जाता ते माझ्या पदरात टाकलंस, सगळ्यांत भेदरट बाईच्या. हे मी तुला आज सकाळपर्यंत विचारत होते.

सकाळी मी स्वयंपाकघरात अकराव्याची भाजी चिरत होते. दादा दारात येऊन उभे राहिले. ते कधी स्वयंपाकघराच्या दारात येत नाहीत, तुला माहीत आहे. मी विळीवरून उठले.

"ती खरंच असं बोलली?" त्यांनी विचारलं.

"हो दादा."

"मग मला का नाय सांगितलं?"

मी काय सांगणार होते? आजारी होत्या, विसरल्या असतील, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. आणि मला दवाखान्यातला तो पडदा आठवला. तो सरकला तेव्हा माझ्या मनगटावर तुझी बोटं कशी रुतली होती, ते आठवलं. दुखण्यामुळे असेल असं मला वाटलं होतं.

"तुम्हाला घाबरायच्या त्या," मी म्हणाले.

"कोण, ती?" ते हसलेच. "आख्ख्या गल्लीला दम देत होती ती. मला घाबरती?"

"हो."

"मी कधी हात उचलला का तिच्यावर?"

"नाही."

"शिवी दिली?"

"नाही दादा. तरी घाबरायच्या. मी पण घाबरते. आत्तापण घाबरू राहिले."

माझा पदर कपाळापर्यंत आला होता, तो त्यांनी बघितला. मग ते वळले आणि बाहेर जाऊन संदीपला म्हणाले, "वकिलाला सांग, वैशीचं नाव राहू दे." संदीप काहीतरी बोलायला लागला. हे उठून उभे राहिले. दादांनी नुसता हात वर केला, आणि सगळं घर गप्प झालं, जसं नेहमी होतं तसं. ते गप्प होणं आज पहिल्यांदाच त्यांना ऐकू आलं असावं. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"वैशे, इकडं ये," त्यांनी हाक मारली.

वैशाली आतून आली. येताना तिनं डोक्यावरचा पदर आधी सारखा केला, पुढे ओढला. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"तू पण घाबरती का मला?"

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मग खाली फरशीकडे. हे खाकरले, संदीपनं मान फिरवली.

"हो, दादा," ती म्हणाली.

तिच्या जागी तू असतीस, अक्का, तर नाही म्हणाली असतीस.